इंग्लंडमध्ये भाड्याचं घर: पाण्याची कंपनी कशी शोधायची आणि बिल कसं भरायचं

इंग्लंडमध्ये घराची किल्ली हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस बरंच काही उरकतो. ब्रॉडबँड लावतो, विजेची कंपनी निवडतो, काउन्सिल टॅक्सची, म्हणजे स्थानिक पालिकेच्या कराची, नोंद करतो, बँकेत खातं उघडतो. पाणी मात्र राहून जातं, कारण नळ उघडला की ते येतंच. कुणी अर्ज मागत नाही, अनामत मागत नाही, जोडणी करायला माणूस येत नाही. बिल कुणाच्या नावावर आहे हे न विचारताच घर चालू होतं. मग सहा-आठ महिन्यांनी एक पत्र येतं आणि त्यात राहायला आल्याच्या दिवसापासूनची सगळी रक्कम एकदम मागितलेली असते.

आपल्याकडून आलेल्यांचा गोंधळ होण्यामागे आणखी एक कारण आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात पाणीपट्टी महापालिकेची. सोसायटीत राहत असाल तर ती मेंटेनन्समध्येच गेलेली असते, वेगळं बिल कधी हातात पडत नाही. त्यामुळे इथे काउन्सिल टॅक्स सुरू केला की पाण्याचंही त्यातच आलं, असं सहज वाटतं. इंग्लंडमध्ये ते खरं नाही. १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पाण्याच्या सरकारी संस्थांचं खासगीकरण झालं. तेव्हापासून पाणी आणि सांडपाणी हा कंपन्यांचा कारभार आहे, काउन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही.

स्कॉटलंडला गेलेल्यांनी मात्र हा लेख इथेच मिटला तरी चालेल. तिथे स्कॉटिश वॉटर ही सार्वजनिक संस्था आहे, बहुतेक घरांना मीटर नाही आणि पाण्या-सांडपाण्याचे पैसे काउन्सिल टॅक्सच्याच बिलात वेगळ्या ओळीत येतात. बेलफास्टला गेला असाल तर नशीबवान आहात, उत्तर आयर्लंडमध्ये घरगुती ग्राहकांना पाण्याचं बिलच येत नाही. वेल्समध्ये पद्धत बरीचशी इंग्लंडसारखी. तिथली मोठी कंपनी डूर कमरी, म्हणजे वेल्श वॉटर, २००१ पासून भागधारकांशिवाय, ना नफा तत्त्वावर चालते. ग्राहकाला करायची कामं तीच.

कंपनी निवडायची नाही, शोधायची

मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सप्टेंबरला, नवीन मंडळी येऊन पोचली की, हा प्रश्न पडतोच: "पाण्यासाठी स्वस्त कंपनी कुठली?" घरगुती ग्राहकाला पाण्याची कंपनी बदलता येत नाही. वीज आणि गॅस यांच्यासाठी दर तुलना करणाऱ्या वेबसाइट आहेत, पाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. तुम्ही ज्या पोस्टकोडमध्ये राहता, त्या भागाची कंपनी हीच तुमची कंपनी. दारावर किंवा फोनवर कुणी "तुमचं पाणी स्वस्त कंपनीकडे वळवून देतो" म्हणाला, तर तो फसवतोय एवढं ओळखून दार लावा.

शोधण्याचा सरळ मार्ग असा. वॉटर यूके ही या कंपन्यांची संघटना आहे. तिच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की पाणी कोण देतं आणि सांडपाणी कोण नेतं, ही दोन नावं मिळतात. सीसीडब्ल्यू या ग्राहकांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवरही हीच सोय आहे. दोन नावं म्हणताना माझा रोख नेमका तिकडेच आहे, कारण अनेक ठिकाणी ही दोन कामं दोन वेगळ्या कंपन्यांकडे असतात.

बर्मिंगहॅमचा बराच भाग, कॉव्हेंट्री, लेस्टर इथे सेव्हर्न ट्रेंट. मँचेस्टर, लिव्हरपूलला युनायटेड युटिलिटीज. लीड्सला यॉर्कशायर वॉटर, मिल्टन कीन्सला अँग्लियन. रेडिंग, स्लाव, स्विंडन या आपल्या आयटीवाल्यांच्या गावांत थेम्स वॉटर. इथपर्यंत सोपं आहे, पाणी आणि सांडपाणी दोन्ही एकाच कंपनीकडे. लंडनमध्ये मात्र नीट बघावं लागतं. लंडन म्हणजे थेम्स असं सगळे धरून चालतात आणि ते बहुतांशी बरोबरही आहे. पण हॅरोमध्ये पिण्याचं पाणी अफिनिटी वॉटरचं आणि सांडपाणी थेम्सचं. रॉमफर्डच्या बाजूला पाणी एसेक्स अँड सफोक वॉटरचं. सटनकडे एसईएस वॉटरचं. केंब्रिजला पाणी केंब्रिज वॉटरचं आणि सांडपाणी अँग्लियनचं.

दोन कंपन्या असल्या की बिलं दोन येतात का? काही ठिकाणी येतात, काही ठिकाणी एक कंपनी दुसरीचेही पैसे आपल्याच बिलात गोळा करते. ब्रिस्टलमध्ये पाणी ब्रिस्टल वॉटरचं आणि सांडपाणी वेसेक्स वॉटरचं असलं तरी बिल एकच येतं. तेव्हा खातं उघडताना एक प्रश्न न विसरता विचारा: "सांडपाण्याचे पैसे याच बिलात आहेत का?" उत्तर नाही आलं, तर दुसऱ्या कंपनीकडेही नाव नोंदवायचं आहे. एक बिल भरतोय म्हणून निर्धास्त बसलेल्या माणसाला दुसऱ्या कंपनीची थकबाकीची नोटीस येते, ती याच कारणाने.

नव्या बांधणीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला असाल तर आणखी एक शक्यता असते. अलीकडे उभ्या राहिलेल्या बऱ्याच वसाहतींमध्ये पाण्याचं जाळं भागातल्या मोठ्या कंपनीकडे नसतं, एखाद्या छोट्या परवानाधारक कंपनीकडे असतं. तिचं नाव तुम्ही कधी ऐकलेलंही नसेल. अशा ठिकाणी पोस्टकोडचा शोध कधीकधी मोठ्या कंपनीचं नाव दाखवतो, तुम्ही तिथे फोन करता आणि "हा पत्ता आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळतं. मग लेटिंग एजंटला किंवा इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीला विचारायचं. अशाच इमारतींमध्ये गरम पाणी सगळ्यांना मिळून एका मध्यवर्ती बॉयलरमधून येत असेल, तर त्या उष्णतेचं बिल आणखी तिसऱ्याकडून येतं. ते पाण्याचं बिल नव्हे, पण खर्चाचा अंदाज बांधताना ते धरा.

बिल कुणी भरायचं, ते करारात बघा

नियम साधा आहे: घरात जो राहतो तो पाण्याच्या बिलाला जबाबदार. भाडेकरारात वेगळं लिहिलं नसेल तर ती जबाबदारी भाडेकरूची. करारात "ऑल बिल्स इन्क्लुडेड" असेल तर घरमालकाची, पण तिथेही पाणी त्यात धरलंय का ते शब्दशः वाचा. नुसतं "बिल्स" म्हणून तोंडी सांगितलेलं नंतर उपयोगी पडत नाही. घरातली एकच खोली भाड्याने घेतली असेल तर बहुधा घरमालकच बिल भरतो आणि तुमच्याकडून हिस्सा घेतो. अशा वेळी त्याने पाण्यावर नफा काढायचा नाही, असा नियम आहे. कंपनीने त्याला जो दर लावला त्याहून जास्त तो लावू शकत नाही, फक्त हिशेब ठेवण्याचा किरकोळ खर्च घेऊ शकतो.

विद्यार्थ्यांचा एक समज इथेच दूर करून टाकतो. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स माफ असतो, पाण्याचं बिल माफ नसतं. विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये ते भाड्यात आलेलं असतं. चार मित्रांनी मिळून बाहेर घर घेतलं की ते भरावंच लागतं.

बरेच लेटिंग एजंट नव्या भाडेकरूंची नावं एखाद्या तिसऱ्या कंपनीला देतात आणि ती कंपनी तुमच्या नावाने पाण्याचं खातं उघडून टाकते. हे चांगलंच, पण ते झालंय असं गृहीत धरू नका. वेल्समध्ये २०१५ पासून घरमालकावर भाडेकरूचं नाव पाण्याच्या कंपनीला कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. इंग्लंडमध्ये तसं बंधन नाही, त्यामुळे कळवायचं काम शेवटी तुमचंच.

पत्त्यावर "द ऑक्युपायर" या नावाने येणारी पाकिटं जाहिरात समजून रीसायकलिंगच्या डब्यात टाकण्याची सवय सगळ्यांना लागते. पाण्याच्या कंपनीला नाव माहीत नसेल तर तिची पत्रं याच नावाने येतात. ती उघडून बघत जा. आधीच्या भाडेकरूच्या नावाची पाकिटं मात्र उघडू नका. वरचं बोधचिन्ह पाहिलं तरी कंपनी कुठली ते कळतं, मग "नॉट अॅट धिस अॅड्रेस" लिहून लाल पेटीत टाकून द्या.

किल्ली मिळाली त्या दिवशी मीटरचा फोटो

एवढी एक गोष्ट केलीत तरी पुढचे निम्मे वाद टळतील. घरात सामान आणण्यापूर्वी पाण्याचा मीटर शोधा आणि आकड्यांचा फोटो काढा, फोनवर तारीख आपोआप येतेच. हा आकडा नसेल तर कंपनी अंदाजाने आकडा धरते आणि आधीच्या माणसाने वापरलेलं पाणी तुमच्या बिलात येऊ शकतं.

मीटर कुठे असतो हे मात्र शोधावं लागतं. जुन्या घरांमध्ये तो बहुधा बाहेर, फुटपाथवर किंवा पुढच्या अंगणात जमिनीखाली असतो. वर तळहाताएवढं प्लास्टिकचं किंवा लोखंडी झाकण असतं, त्यावर "वॉटर" किंवा नुसतं डब्ल्यू अक्षर. स्क्रूड्रायव्हरने झाकण उचललं की खाली कधी थंडीपासून बचावासाठी स्पंजसारखा तुकडा असतो, तो काढला की मीटर दिसतो. पावसाळी दिवशी खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, तेव्हा जुनं फडकं बरोबर असू द्या. घरातच असेल तर स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, पाणी बंद करायच्या कॉकजवळ बघा. फ्लॅटमध्ये तो जिन्याजवळच्या किंवा कॉरिडॉरमधल्या कपाटात इतर फ्लॅटच्या मीटरांच्या रांगेत असतो. तिथे आपला मीटर कुठला ते अनुक्रमांकावरून पक्कं करा. शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर आणि आपला त्याच्या, असे घोळ नव्या इमारतींमध्ये होतात. खात्री करायची सोपी युक्ती: घरातले सगळे नळ बंद करा, मीटर थांबतो का बघा. मग एक नळ सोडा आणि तोच मीटर फिरायला लागतो का ते पाहा.

मीटरवर काळे आणि लाल आकडे असतात. काळे आकडे घनमीटर दाखवतात, बिल त्यांच्यावरच होतं. लाल आकडे त्याहून बारीक मोजमाप असतं, बिलासाठी ते सोडून द्यायचं. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

मीटर सापडलाच नाही तर घाबरू नका, नसेलही. इंग्लंडमध्ये अजून बरीच जुनी घरं बिनमीटरची आहेत.

खातं उघडणं

कंपनीच्या वेबसाइटवर "मूव्हिंग होम" असा भाग असतो. तिथे भरायला लागतं ते एवढंच: पूर्ण पत्ता, करार सुरू झाल्याची तारीख, मीटरचा आकडा आणि अनुक्रमांक, घरातल्या प्रौढांची नावं, ईमेल, फोन आणि मागचा पत्ता. मागचा पत्ता भारतातला असेल तर फॉर्म कधीकधी अडतो, कारण त्याला इथला पोस्टकोड हवा असतो. मग सरळ फोन करा. नॅशनल इन्शुरन्स नंबर अजून आलेला नसला तरी खातं उघडतं, व्हिसाची कागदपत्रंही कुणी मागत नाही.

तारीख कराराचीच द्या, सामान हलवल्याची नाही. दोन्हींत आठवड्याचं अंतर असेल आणि तुम्ही नंतरची तारीख दिलीत, तर मधल्या दिवसांवरून पुढे कंपनी आणि घरमालक तुमच्याशी वाद घालतात.

बिलावर नावं कुणाची, याचा थोडा विचार करा. नवरा-बायको दोघं राहत असाल तर दोघांची नावं घाला. जोडीदाराच्या व्हिसाची मुदत वाढवताना एकत्र राहत असल्याचे पुरावे मागतात, तेव्हा दोघांच्या नावाने आलेलं पाण्याचं बिल फार कामाला येतं. पत्त्याचा पुरावा म्हणूनही बऱ्याच बँका ते स्वीकारतात. ईमेलवर येणारं बिल पीडीएफ म्हणून उतरवून ठेवा, काही ठिकाणी मात्र टपालाने आलेलंच मागतात. मित्रांनी मिळून घेतलेल्या घरात उलटी काळजी. ज्यांची नावं बिलावर आहेत ते सगळे पूर्ण रकमेला जबाबदार असतात, आपापल्या हिश्श्यापुरते नाही. एक जण घर सोडून गेला की त्याच दिवशी कंपनीला कळवून नाव काढा आणि नव्या माणसाचं घाला.

बिल वाचताना

बिलात मोठे भाग दोन: आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं सांडपाणी. नवखा माणूस दुसरा आकडा बघून चक्रावतो, कारण तो बऱ्याचदा पहिल्याहून मोठा असतो. सांडपाणी वेगळं मोजत नाहीत. जेवढं पाणी आत आलं त्यातलं बहुतेक बाहेर गेलं असं धरून पैसे लावतात. त्याच्याबरोबर वापर शून्य असला तरी द्यावा लागणारा ठरावीक आकार असतो.

यातली एक ओळ लक्ष देण्यासारखी आहे: सरफेस वॉटर ड्रेनेज. तुमच्या छपरावरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी सार्वजनिक गटारात जातं, त्याचे हे पैसे. पण काही घरांचं पावसाचं पाणी अंगणातच शोषखड्ड्यात मुरतं. तसं असेल तर हा आकार रद्द होतो, मात्र अर्ज तुम्हालाच करावा लागतो, भाडेकरूलाही करता येतो. घरमालकाला किंवा जुन्या शेजाऱ्याला विचारून बघा.

वापर बरोबर आहे का हे ताडून पाहायला एक हिशेब पुरतो. इंग्लंडमध्ये एक माणूस दिवसाला साधारण १४० लिटर पाणी वापरतो. तिघांचं कुटुंब म्हणजे ४२० लिटर, वर्षाला सुमारे १५३ घनमीटर. सहा महिन्यांच्या बिलात तुमचा आकडा ७५-८०च्या घरात असेल तर ठीक. दीडशे असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा आकडा अंदाजाने धरलाय. बिलावर आकड्यापुढे "एस्टिमेटेड" असं लिहिलेलं असेल तर मीटर स्वतः वाचा आणि खरा आकडा वेबसाइटवर टाका, बिल नव्याने येतं.

गळतीचा सगळ्यात मोठा संशयित म्हणजे इथला दोन बटणांचा फ्लश. त्याची आतली झडप झिजली की पाणी न आवाज करता भांड्यात झिरपत राहतं, दिवसाला २०० ते ४०० लिटरपर्यंत. रात्री झोपण्यापूर्वी भांड्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर कोरडा टॉयलेट पेपर चिकटवा. रात्री फ्लश वापरला नाही आणि सकाळी कागद भिजलेला दिसला, तर घरमालकाला ईमेल करा, तोंडी सांगू नका. दुरुस्तीचं काम त्याचं असलं तरी मीटर तुमच्या नावावर फिरत असतो. जमिनीखालच्या नळीत गळती निघाली आणि ती वेळेत दुरुस्त झाली, तर कंपन्या वाया गेलेल्या पाण्याचे पैसे बहुधा परत देतात.

दर दरवर्षी १ एप्रिलला बदलतात. २०२५-२६ साठी इंग्लंड-वेल्समधलं सरासरी घरगुती बिल वर्षाला ६०३ पाउंड झालं, आदल्या वर्षापेक्षा १२३ पाउंडांनी जास्त. सदर्न वॉटरच्या भागात तर वाढ ४७ टक्के होती. ऑफवॉट या नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी १०४ अब्ज पाउंडांच्या खर्चाला मंजुरी दिली, जुनी गटारं आणि गळके पाइप सुधारण्यासाठी. तो खर्च बिलातून वसूल होतोय. तेव्हा दोन वर्षांपूर्वी आलेल्या मित्राने सांगितलेला आकडा आज धरू नका.

मीटर की बिनमीटर

घराला मीटर नसेल तर बिल वापरावर नाही, घराच्या "रेटेबल व्हॅल्यू"वर येतं. ही घराच्या भाडेमूल्याची जुनी सरकारी आकारणी. १९९० नंतर ती अद्ययावतच झालेली नाही. म्हणजे एखाद्या मोठ्या, एकेकाळच्या प्रतिष्ठित वस्तीतल्या घरात तुम्ही एकटे राहत असाल, तर दिवसाला दोन बादल्या वापरूनही भरमसाट बिल भरता. अशा वेळी मीटर मागवा, तो फुकट बसवतात. भाडेकरार सहा महिने किंवा जास्त मुदतीचा असेल तर भाडेकरूला मीटर मागण्याचा हक्क आहे. घरमालकाला कळवणं सौजन्याचं, आणि भिंतीला छिद्र पाडायचं असेल तर शहाणपणाचंही.

इथे सगळे सांगतात तो ठोकताळा असा: घरात माणसं बेडरूमएवढी किंवा कमी असतील तर मीटर परवडतो. आपल्या घरांना मी त्यात एक भर घालीन. आई-वडील उन्हाळ्यात सहा महिने येणार असतील, घरात लहान बाळ असेल, रोजचा दोन वेळचा स्वयंपाक आणि भांडी हातानेच होत असतील, तर वर्षाचा हिशेब त्या महिन्यांसह करा. मीटर लावल्यावर नाही परवडला, तर बऱ्याच कंपन्या दोन वर्षांच्या आत जुन्या पद्धतीवर परत जाऊ देतात. पण आधीच्या भाडेकरूने लावलेला मीटर तुम्हाला काढून मागता येत नाही. आग्नेय इंग्लंडमध्ये पाण्याची टंचाई असल्याने थेम्स, सदर्न, अफिनिटी अशा कंपन्या ग्राहकाने मागितला नाही तरी मीटर बसवत आहेत, तिथे निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही.

इमारतीतल्या पाइपांच्या रचनेमुळे मीटर बसूच शकत नसेल तर "असेस्ड चार्ज", म्हणजे वापराच्या अंदाजावरून ठरवलेला आकार, मागा. एकटा राहणाऱ्यासाठी तो बहुधा बराच कमी पडतो. तो आपणहून कुणी देत नाही.

पैसे भरणं

डायरेक्ट डेबिट हा इथला सरधोपट मार्ग आणि माझ्या मते नव्या माणसासाठी तोच बरा. सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक दिला की दरमहा ठरलेल्या तारखेला रक्कम जाते. पगार महिन्याच्या अखेरीला होत असेल तर तारीख १ किंवा २ मागून घ्या. चुकून जास्त रक्कम कापली गेली तर डायरेक्ट डेबिटच्या हमीखाली बँक ती परत देते. मीटर असेल तर सुरुवातीची मासिक रक्कम अंदाजाने ठरलेली असते, पहिलं खरं वाचन झाल्यावर ती वर किंवा खाली जाते. सहा महिन्यांनी खात्यात डोकावून बघा. बरीच रक्कम जमा बाजूला साठली असेल तर ती परत मागता येते.

बँकेचं खातं अजून झालं नसेल तर अडत नाही. बिलावर बारकोड असतो, तो घेऊन पेपॉइंटची पाटी असलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा पोस्टात रोख भरता येतात. कुठल्या जागी चालतं ते बिलाच्या मागे लिहिलेलं असतं. पावती जपा. वेबसाइटवर डेबिट कार्डानेही भरता येतं. बँकेतून ट्रान्सफर करत असाल तर संदर्भाच्या जागी ग्राहक क्रमांक अचूक लिहा. तो चुकला की पैसे कंपनीच्या खात्यात पोचतात, पण तुमच्या नावावर जमा होत नाहीत. मग ते शोधायला फोनवर ताटकळावं लागतं.

बिनमीटरच्या घरात एक चकवा आहे. तिथे बिल एप्रिल ते मार्च या वर्षाचं, आगाऊ येतं. तुम्ही जानेवारीत राहायला आलात तर पहिलं बिल ३१ मार्चपर्यंतचं आणि लगेच फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या वर्षाचं दुसरं. दोन बिलं पाठोपाठ बघून लोक दुसरं चुकीचं समजून बाजूला ठेवतात. दोन्ही बरोबर असतात. वर्षाची रक्कम एकदम भरायची गरज नाही, हप्ते करून मिळतात.

"तुमचा परतावा अडकला आहे, इथे क्लिक करा" असे पाण्याच्या कंपनीच्या नावाने येणारे एसएमएस उघडू नका. परतावा असेलच तर तो तुमच्या ऑनलाइन खात्यात लॉगिन केल्यावर दिसतो.

पैसे जमत नसतील तर

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती ग्राहकाचं पाणी थकबाकीपोटी तोडायला कायद्याने बंदी आहे, १९९९ पासून. नोकरी गेली, पगार लांबला, तरी नळ कोरडा पडणार नाही. पण म्हणून बिल बाजूला टाकून देऊ नका. बऱ्याच कंपन्या थकबाकीची नोंद क्रेडिट संस्थांना कळवतात, प्रकरण कोर्टात गेलं तर सीसीजे, म्हणजे थकबाकीबद्दलचा काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो, आणि नवीन माणसाच्या कोऱ्या क्रेडिट रेकॉर्डवर पहिलीच नोंद ती पडली तर मोबाइलच्या करारापासून घराच्या कर्जापर्यंत सगळीकडे नडते. अडचण दिसताच फोन करा, आणि नोटीस येण्याआधी करा. हप्ते लांबवून मिळतात, काही काळ थांबवूनही मिळतात.

वर्क व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असा शेरा असतो, त्यामुळे लोक सवलत विचारायलाच घाबरतात. इथे दोन गोष्टींत फरक करा. वॉटरशुअर ही योजना सरकारी भत्ते मिळणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे व्हिसावरच्या बहुतेकांना ती लागू होत नाही. सोशल टॅरिफ ही मात्र कंपनीने कमी उत्पन्नाच्या घरांना दिलेली सवलत असते. तिचे निकष कंपनीगणिक वेगळे असतात आणि काही ठिकाणी फक्त उत्पन्न बघतात. विचारून बघायला काही लागत नाही.

पैशांशी संबंध नसलेली, पण घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा वयस्क माणूस असेल तर फुकट करून घेण्यासारखी एक नोंद आहे: प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर. पाइप फुटून पाणी गेलं तर या यादीतल्या घरांना बाटलीबंद पाणी दारात आणून देतात. इतरांना सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रांग लावावी लागते. एरवी बाटलीबंद पाणी विकत घ्यायची गरज नाही, स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं पाणी सरळ पिता येतं, फिल्टरही लागत नाही. लंडनच्या बाजूला किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो तो क्षारांचा. दिसायला वाईट, तब्येतीला अपाय नाही. चहाला मात्र थोडी चव कमी येते, हे माझं वैयक्तिक मत.

बिलाबद्दल वाद असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर भरपाई द्यावी लागते. समाधान झालं नाही तर सीसीडब्ल्यूकडे जा, त्यांची सेवा मोफत आहे. ऑफवॉटकडे वैयक्तिक तक्रारी नेण्यात अर्थ नाही, ते काम त्यांचं नाही.

घर सोडताना

निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीला तारीख कळवा आणि किल्ली परत देण्याच्या दिवशी मीटरचा पुन्हा फोटो काढा. हे नाही केलं तर खातं तुमच्याच नावावर चालू राहतं आणि पुढच्या भाडेकरूचं पाणीही तुमच्या माथी येतं. नुसता डायरेक्ट डेबिट बँकेतून रद्द करणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. ती चूक इथे वर्षानुवर्षं राहिलेले लोकही करतात.

त्याच कंपनीच्या भागात नवीन घर घेतलं असेल तर खातं तिकडे हलवून मिळतं. भारतात कायमचे परत जाणार असाल तर घाईत बँकेचं खातं आधी बंद करू नका. शेवटचं बिल येऊन ते मिटेपर्यंत किंवा जमा रकमेचा परतावा येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तो परतावा बहुधा इथल्याच बँक खात्यात पाठवला जातो.